सारंगांचा देश

सानिकाने पडवीतल्या बाकावर टाकलेले वाळलेले कपडे गोळा केले आणि आलेल्या दोघांना बसायला जागा केली. म्हातारा टोपी काढून टेकला. त्याच्याबरोबरची तरुण बाई मात्र खांबाला हात लावून उभीच राहिली. उन्हातून चालत आल्यामुळे तिचा चेहरा तापला होता. सानिकाने पाण्याचा तांब्या पुढे केला, तरी तो घेण्याआधी तिने प्रश्नच विचारला.

"बाळा सारंग इथंच राहतात ना? ते आफ्रिकेतल्या जनरलच्या ओळखीचे?"

सानिका थबकली. गावात हा विषय निघाला की लोक हसत असत. ही बाई हसत नव्हती.

"माझे वडील ते," ती म्हणाली. "आंब्याच्या कलमात आहेत. बोलावते."

बाबा हात धुऊन आले. जहाजावर खलाशांच्या म्होरक्याला सारंग म्हणतात. ते काम सोडून त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण मालगुंडात 'बाळा शिवलकर' असं विचारलं तर पोस्टमनलाही जरा आठवावं लागे. ते पायरीवर बसले आणि म्हाताऱ्याकडे बघून मान हलवली. बोलली ती बाईच. तिचं नाव नम्रता. पालीची. बरोबरचा म्हातारा तिचा सासरा, रामा रेवाळे. पालीहून हातखंबा, तिथून रत्नागिरी आणि मग मालगुंडची गाडी धरून ती दोघं आली होती.

तिचा नवरा समर्थ एका लहान तेलवाहू जहाजाच्या इंजिनरूममध्ये कामाला होता. दिवाळीनंतर ते जहाज पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तिथल्या नौदलाने धरलं. उत्तरेकडच्या बंडखोरांना तुम्ही डिझेल पुरवता, असा आळ आला. सगळ्या खलाशांना बंदरातल्या एका गोदामात ठेवलं होतं. मधे एकदाच समर्थचा फोन आला. मी बरा आहे, पोरीला, सानवीला सांभाळ, एवढंच तो बोलला आणि मागे कुणीतरी सारखं खोकत होतं. मुंबईतल्या कंपनीच्या माणसांनी फोन उचलणं सोडलं होतं. वकिलातीतले लोक चांगलं बोलत, पण 'धीर धरा' यापुढे त्यांचा शब्द जात नसे. मग पालीच्या बाजारात कुणीतरी सांगितलं, की मालगुंडात एक सारंग आहे, त्याला त्याच देशाच्या जनरलने पाठीवर घालून मरणातून काढलं होतं.

"काका, तुम्ही एक शब्द टाका," नम्रता म्हणाली. "तुमचं तो ऐकेल."

बाबांनी बंदराचं नाव विचारलं. तिने सांगितलं ते त्यांनी पुन्हा स्वतःशी म्हटलं, तिथले लोक म्हणतात तसं, नाकातून. मग ते उठले.

"आधी जेवा," ते म्हणाले. "बाय, आईला पानं घ्यायला सांग."

त्या देशाचं नाव मालगुंडात कुणाला धड उच्चारता येत नसे, म्हणून सगळे त्याला सारंगांचा देश म्हणत. सानिका दुसरीत होती तेव्हा बाबांचं जहाज त्या बंदराबाहेर नांगर टाकून अडकलं. मालकाने हात वर केले होते. जहाजावरचं अन्न संपत आलं, प्यायचं पाणी मोजून मिळू लागलं, आणि त्याच सुमारास शहरात सैन्याच्या दोन तुकड्यांमध्ये गोळीबार सुरू झाला. बंदर बंद झालं. जहाजावरून कुणी उतरायचं नाही, उतरला तर गोळी, असा हुकूम होता. त्यातच बाबांना हिवताप झाला आणि तो मेंदूत चढला. कप्तान रेडिओवरून मदत मागत राहिला. कुणी उत्तर दिलं नाही.

आलं ते एक रबरी होडकं. त्यात बाकारी नावाचा एक तरुण लेफ्टनंट होता. धक्क्यावर त्याचा पहारा होता. रेडिओवरचा आवाज ऐकून ऐकून त्याला राहवलं नाही, असं तो नंतर म्हणाला. वरिष्ठांनी मनाई केलेली असताना तो दोरीच्या शिडीने जहाजावर चढला, बाबांना चादरीने स्वतःच्या पाठीला बांधलं आणि तसाच खाली उतरला. गोळीबार चाललेल्या रस्त्यांतून त्याने त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. पुढे बाकीच्या खलाशांसाठी तांदूळ आणि पाण्याची पिंपंही त्यानेच जहाजावर पोचवली. ह्या सगळ्यापायी त्याची बढती अडली आणि त्याला कुठेतरी वाळवंटाच्या कडेला पाठवलं, हे बाबांना घरी परतण्याआधीच कळलं होतं.

त्यानंतर बरीच वर्षं त्या माणसाची काहीच खबर नव्हती. मग एका सकाळी सानिकाच्या मोबाईलवर एक चित्रफीत दिसली. हिरव्या-तपकिरी गणवेशातले दहाबारा सैनिक आणि मधे टेबलाशी बसून कागद वाचणारा एक कर्नल. सरकार बरखास्त झालं आहे, सीमा बंद आहेत, देश आता सैन्याच्या हाती आहे. बाबांनी मोबाईल हातात घेतला, डोळ्यांपासून लांब धरला, जवळ आणला. कर्नलची डावी भुवई मधोमध तुटलेली होती.

"हा आमचा लफ्टन," ते म्हणाले.

त्या दिवशी त्यांनी गावात पेढे वाटले. लोकांनी ते खाल्ले आणि पाठीमागे हसले. मालगुंडच्या माणसाने आफ्रिकेतल्या सत्तापालटाचे पेढे वाटावेत, हे हसण्यासारखं होतंच. पण पहिली दोन वर्षं बाबांची मान ताठ राहील अशाच बातम्या येत होत्या. बाकारीने मंत्र्यांच्या मोटारी विकल्या. तो साध्या जीपमधून फिरे. परदेशी फौजांना त्याने घरी पाठवलं, तेव्हा तिथले लोक रस्त्यावर नाचले. कुठल्या कुठल्या खेड्यांत नळ आले, आणि नळाखाली हात धरून हसणाऱ्या बायकांची चित्रं सानिका बाबांना दाखवी. दोन वर्षांत निवडणुका घेऊन आपण बराकीत परत जाऊ, असं त्याने कुराणावर हात ठेवून सांगितलं होतं.

दोन वर्षं झाली. निवडणुका पुढे गेल्या, मग आणखी पुढे गेल्या. कर्नलचा जनरल झाला. एक वर्तमानपत्र बंद पडलं, मग सगळीच बंद पडली. टीका करणारी माणसं घरातून उचलली जाऊ लागली, आणि त्यांतली काही परत आली नाहीत.

सानिका रत्नागिरीच्या एका ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवत होती. ह्या बातम्या ती वाचायची आणि घरात बोलूनही दाखवायची. आई, म्हणजे सावित्री, दरवर्षी शिमग्यात ग्रामदेवीपुढे गाऱ्हाणं घालताना गुरवाला त्या लफ्टनचं नाव घ्यायला लावी. गुरवाला ते साधत नसे. तो 'बकारीसाहेब' म्हणे, आणि भोवतीचे लोक गंभीरपणे 'व्हय महाराजा' म्हणत. एकदा सानिकाने आईला सांगितलं, की हा माणूस आता लोकांना तुरुंगात घालतो. आई मासे साफ करत होती. तिने हात थांबवला नाही.

"घालत असेल गो. पण माझं कुंकू त्यानं राखलं, ते काय खोटं हाय?"

लहानपणी बाबा घरी आले तो दिवस सानिकाला आठवत होता. पायऱ्या चढताना ते दोनदा थांबले होते, आणि आईने त्यांच्यावरून भाकरतुकडा ओवाळताना निम्मं पाणी ताटातच सांडलं होतं.

पावसाळ्याच्या शेवटी एक बातमी मात्र तिने मुद्दाम बाबांना वाचून दाखवली होती. दवाखान्यांत औषधं नाहीत म्हणून तिथल्या डॉक्टरांनी काम बंद ठेवलं, आणि जनरलने त्यांच्या पुढाऱ्यांना अटक केली. त्यांत मारियामा नावाच्या एका वयस्क डॉक्टरबाईंचं नाव होतं. बाबांना त्या दवाखान्यात ज्यांनी पंधरवडाभर जपलं त्या बाईंचंही नाव मारियामाच होतं. खाली फोटो होता. सानिकाने तो त्यांच्यासमोर धरला. बाबा तेव्हा फवारणीच्या पंपाची नळी सोडवत बसले होते. त्यांनी फोटोकडे ओझरतं पाहिलं, नळीत फुंकर मारली आणि 'चहा निवतोय' म्हणून कप उचलला. सानिकाला वाईट वाटलं होतं. त्यांना ऐकायचंच नाही, हे तिने त्या दिवशी गृहीत धरून टाकलं आणि पुन्हा त्यांच्यापुढे त्या बाईंचं नाव काढलं नाही.

जेवण झाल्यावर बाबांनी नम्रताला सांगितलं, की आपण करू काय करता येईल ते. सानिकाने त्यांची एक छोटी चित्रफीत काढली, खाली इंग्रजी मजकूर घातला आणि जनरलच्या कचेरीच्या पानावर पाठवली. वकिलातीलाही कळवलं. बाबा त्यात एवढंच म्हणत होते, की मी तो हिवतापाने मरायला टेकलेला हिंदी खलाशी, तुमच्या पाठीवरून आलेला, अजून जिवंत आहे.

कुणी दखल घेईल असं तिला वाटलं नव्हतं. पण काही दिवसांनी ती कॉलेजातून बसने परतत असताना फोन आला. पलीकडचा माणूस छान इंग्रजी बोलत होता. तो जनरलच्या प्रसारण खात्यातला होता. चित्रफीत स्वतः जनरलनी पाहिली आणि ते फार हेलावले, असं त्याने सांगितलं. येत्या महिन्यात क्रांतीचा, म्हणजे त्या सत्तापालटाचा, वर्धापनदिन होता. त्या समारंभात जगभरातले जुने स्नेही पडद्यावरून जनरलशी बोलणार होते. सारंगांनीही बोलावं. जनरल सुरुवातीपासूनच कसे गरिबांचे कैवारी होते हे सांगावं. परदेशी वर्तमानपत्रं लिहितात ते खोटं आहे, असंही म्हटलं तर बरं. खलाशांचा विषय मात्र काढू नये. समारंभानंतर जनरल आपल्या मनाने मोठेपणा दाखवतील, अशी त्याला आशा होती. 'आशा' हा शब्द त्याने दोनदा उच्चारला.

घरी येऊन सानिकाने सगळं जसंच्या तसं सांगितलं. नम्रताला बोलावून घेतलं होतं. ती ऐकता ऐकताच रडायला लागली. इतक्या महिन्यांत कुठून तरी पहिल्यांदा दार किलकिलं झालं होतं. बाबांनी तिचं रडणं थांबू दिलं.

"वर्तमानपत्रांचं मी काय बोलणार नाय," ते म्हणाले. "मी ती वाचत नाय. मी आभार मानेन. माझ्या तोंडचं बोलेन. चालेल?"

"तुम्ही बोलाल ते चालेल, काका."

"नीट विचार करून सांग हां."

"मी तुमच्यावर भरवसा टाकून आलेय," नम्रता म्हणाली.

समारंभाच्या दिवशी सगळे गावातल्या निशिगंधाताईंच्या लॉजवर गेले, कारण घरी नेटचा भरवसा नव्हता. दुपारचे साडेतीन झाले होते. आपल्याकडे दुपार होते तेव्हा तिकडे सकाळ असते, एवढं बाबांच्या हिशेबात पक्कं होतं. त्यांनी पांढरा सदरा घातला होता आणि दाढी इतकी घोटून केली होती, की हनुवटीवर कापलं होतं. सानिका त्यांच्या शेजारी बसली. ते मराठीत बोलणार, ती इंग्रजीत सांगणार, आणि तिकडे कुणीतरी फ्रेंचमध्ये सांगणार होतं. आई भिंतीला लागून उभी होती. नम्रता कॅमेऱ्यात येणार नाही अशी दाराशी, पडदा मुठीत धरून.

पडद्यावर मोठा मांडव दिसला. झेंडे, गणवेशातल्या माणसांच्या रांगा, आणि मधल्या खुर्चीत पांढऱ्या पोशाखातला जनरल बाकारी. तो जाड झाला होता. तुटकी भुवई मात्र तशीच होती. बाबांनी हात जोडले, आणि पडद्यावर तो माणूस खुर्चीत पुढे सरकला.

"साहेब, मी बाळा शिवलकर. मालगुंड, जिल्हा रत्नागिरी. ओळखलंत का ठाऊक नाय. तेव्हा मी अंगानं निम्मा व्हतो."

फ्रेंचमधून ते पोचलं तेव्हा जनरल हसला. मोकळं हसला, सैनिकांच्या रांगेकडे न बघता.

बाबा सावकाश बोलत राहिले. तुम्ही मला पाठीवर घेऊन शिडी उतरलात. वरच्या साहेबाने नको म्हटलं असताना उतरलात. त्यापायी तुम्हाला काय सोसावं लागलं ते मला माहीत आहे. ही माझी मुलगी, तेव्हा दुसरीत होती. तिचं लहानपण मला बघायला मिळालं ते तुमच्यामुळे. माझी बायको देवीपुढे तुमचं नाव घेते. सानिका वाक्यामागून वाक्य इंग्रजीत करत गेली. मांडवात टाळ्या वाजल्या. जनरलने रुमाल काढून डोळ्यांना लावला, आणि ते नाटक आहे असं सानिकाला, तिची इच्छा असूनही, वाटेना.

तिला वाटलं, झालं. पण बाबांनी टेबलावर तळहात टेकला.

"आणखी एक. तुम्ही मला दवाखान्याच्या दारापर्यंत आणलंत साहेब. आत मला वाचवलं ते मारियामा डॉक्टरबाईंनी. दवाखान्यात औषध नव्हतं, तर त्यांनी स्वतःच्या घरनं आणलं. तुम्ही त्यांना मामां, म्हणजे आई, म्हणून हाक मारत व्हतात, ती मी ऐकलीय. तुमचे एकट्याचे आभार मानले तर ते अर्धेच व्हतील. त्या तुमच्याच गावात असतील. त्यांना बाळाचा नमस्कार सांगा."

ते थांबले आणि मुलीकडे वळले.

सानिकाला वाटलं, त्या दिवशी बाबांनी बातमी कानाआड केली, बाई अटकेत आहेत हे त्यांना ठाऊकच नाही, आणि ते भोळेपणाने बोलून बसले. इथे बसलेल्यांपैकी कुणाला इंग्रजी धड कळत नव्हतं आणि तिकडे कुणाला मराठी. शेवटचं तेवढं सोडून 'पुन्हा एकदा मनापासून आभार' असं म्हटलं, तर जगात कुणालाही कळलं नसतं. दाराशी पडद्याच्या कड्या हलल्याचा आवाज झाला. तिने तिकडे बघितलं नाही. तिने बाबांच्या टेबलावर टेकलेल्या हाताकडे बघितलं. त्या हाताच्या मागच्या बाजूला सलाईनच्या सुया टोचल्याची जुनी खूण होती. घरात तो हात तिने हजारदा पाहिला होता.

मग तिने सांगितलं. औषधाचं, घरून आणल्याचं, मामां म्हटल्याचं, अर्ध्या आभारांचं. 'डॉक्टर मारियामा' हे तिने स्पष्ट, दोन्ही शब्दांच्या मधे थांबून उच्चारलं, आणि नमस्कारही सांगितला.

तिकडचा फ्रेंच दुभाषा बोलायला लागला आणि मधेच अडखळला. मांडवात कुणीतरी त्याच्या जवळ आलं. पण नाव उच्चारून झालं होतं. जनरलच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं, त्याने हात कानातल्या यंत्राकडे नेला, आणि पडद्यावर झेंडा आला. खाली बँडचं संगीत वाजू लागलं. ते बराच वेळ वाजत होतं.

"झालं का?" नम्रताने विचारलं. "काय म्हणाले?"

"लाईन गेली," सानिका म्हणाली.

तेवढ्यावर सोडणं तिला जमलं नाही. नम्रताला गाडीवर बसवायला ती एसटीच्या थांब्यापर्यंत गेली, आणि गाडी येईपर्यंतच्या वेळात तिने सगळं सांगून टाकलं. त्या डॉक्टरबाई कोण, त्या कुठे आहेत, बाबा काय बोलले आणि आपण काय गाळू शकलो असतो. नम्रता ऐकत होती. गाडी आली तशी ती चढली. खिडकीशी बसली, पण बाहेर पाहिलं नाही.

त्यानंतर पालीहून फोन येणं बंद झालं. सानिका करायची, तर पलीकडून कुणी उचलत नसे. समारंभाचं चित्रीकरण त्या देशाच्या वाहिनीने पुन्हा दाखवलं, तेव्हा बाबा त्यात टाळ्यांपर्यंतच होते. प्रसारण खात्यातल्या त्या गोड बोलणाऱ्या माणसाचा नंबर लागेनासा झाला. कॉलेजात शिकवताना सानिकाचं वाक्य मधेच तुटे. बाबा कलमांमध्ये असत. मोहोर गळून कैऱ्या सुपारीएवढ्या झाल्या होत्या आणि त्यांना राखणीचं काम होतं. संध्याकाळी पडवीत येऊन ते एकच विचारत.

"पालीचा फोन?"

"नाही."

आई देवापाशी दिवा लावताना हल्ली जास्त वेळ उभी राही. काय मागते ते सानिकाने विचारलं नाही.

फोन आला तो एका रविवारी, आंब्याची पहिली तोड चालू असताना. नम्रताचाच होता. ती नीट बोलू शकत नव्हती, म्हणून तिच्या हातातून फोन रामाने घेतला. पोरगा विमानात बसला, म्हातारा म्हणाला. सगळेच्या सगळे सुटले. उद्या मुंबई. 

ती सगळी मालगुंडला आली तेव्हा घरात आंब्याचा वास भरला होता. मधल्या खोलीत गवतावर आढी घातलेली होती. समर्थ बारीक झाला होता, केस मधेच पांढरे दिसत होते. तो येऊन बाबांच्या पाया पडला. लहानगी सानवी त्याचा शर्ट सोडत नव्हती. नम्रता आत आली, ती आधी सानिकापाशी थांबली. सानिकाचा हात तिने दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला. मग स्वयंपाकघरात जाऊन नारळ खवायला बसली, जशी काही ती ह्या घरची माहेरवाशीण होती.

समर्थ सांगत होता. त्या समारंभानंतर कित्येक आठवडे पहारेकरी त्यांच्याशी वाकडेच वागले. जेवण कमी झालं. मग एका सकाळी ट्रक आला, आणि सगळ्यांना वाटलं की आता मोठ्या तुरुंगात नेणार. नेलं ते सरकारी दवाखान्यात. सोडण्याआधी तपासणी करायची होती. तिथे एका खोलीत वयस्क डॉक्टरबाई बसल्या होत्या. पांढरा कोट, पण खोलीच्या दाराशी दोन बंदूकवाले, आणि ते खलाशांसाठी नव्हते. ते त्या बाईंसाठीच होते, हे नंतर ध्यानात आलं.

"परवापर्यंत त्या तुरुंगात होत्या, असं तिथली नर्स म्हणाली. आता दिवसा दवाखान्यात आणतात. संध्याकाळी कुठं नेतात, ते तिला पण म्हायत नव्हतं."

बाबा खाली मान घालून ऐकत होते.

"माझी पाठ तपासली त्यांनी. मग विचारलं, तुमच्यात रत्नागिरीचा कोण? नाव अगदी तोंडात घोळवून म्हणाल्या. मी म्हटलं, मी. तर म्हणाल्या, बालाला सांग, नमस्कार पोचला."

"कुणी पोचवला?" आईने विचारलं.

"ते नाय बोलल्या. बंदूकवाला आत डोकावला तशा गप्प झाल्या. पण हसत व्हत्या, काकी."

बाबा उठले आणि मधल्या खोलीत गेले. सानिका त्यांच्या मागोमाग गेली. ते आढीपाशी उकिडवे बसले होते, गवत बाजूला सारून एकेक आंबा हातात घेऊन बघत होते. त्यांचे डोळे ओले होते आणि ते पुसायची त्यांना घाई नव्हती.

"पालीला द्यायचे जरा बघून दे," ते म्हणाले. "दोन दिवसांत पिकतील असे."

ती शेजारी बसली. दोघं आंबे निवडू लागली. बाहेर सानवी हसल्याचा आवाज आला.

"मला वाटलं व्हतं," बाबा तिच्याकडे न बघता म्हणाले, "शेवटचं तेवढं तू गाळशील. बाईंना धरल्याची बातमी तूच वाचून दाखवलेली."

सानिकाचा हात थांबला. तिने वडिलांकडे पाहिलं. ते एका आंब्याचा देठ अंगठ्याने हळूच दाबून बघत होते.

"गाळलं असतंस तरी मी काय बोललो नसतो," ते म्हणाले. "त्या पोरीचा नवरा व्हता तिकडं."

त्यांनी तो आंबा वास घेऊन तिच्या ओंजळीत ठेवला. तयार झालेला होता. स्वयंपाकघरातून आई हाका मारत होती, पानं घेतलीत, पाव्हण्यांना बसवा. सानिका उठली. मग बाबांना उठायला तिने हात दिला, आणि तो धरून ते सावकाश उभे राहिले.